थांबलेल्या रिक्षात मोडी : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

काल आईच्या पेटीतला रुमाल सोडला. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं कापड. दफ्तरखान्यात आजही हाच शब्द आहे. आत अकरा कागद, सगळे मोडी या जुन्या मराठी लिपीत. घरात कुणालाच वाचता येत नाहीत. अण्णा, माझे वडील, म्हणतात, हा रुमाल त्यांच्या आजोबांच्या हातचा आहे. तो शेवटचा कुणी वाचला हे त्यांनाही सांगता येत नाही.

पुण्यात मोडीचे जाणकार आहेत, त्यांच्याकडून वाचून घेता येईल. पण हे कागद मला स्वतः वाचायचेत. अडचण वेळेची आहे. सकाळी साडेसहाला रिक्षा काढतो, रात्री नऊला लावतो. जेवल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. राहिला तो वेळ गाडी उभी असतानाचा, आणि रिक्षाच्या धंद्यात तो काही कमी नाही. बघू या किती आहे.

१० जानेवारी

आज दिवसभर घड्याळ लावून मोजलं. सीएनजीच्या रांगेत ५५ मिनिटं. स्टँडवर नंबर लावून सात वेळा थांबलो, कधी ४ मिनिटं, कधी २०. एका गिऱ्हाईकाने दवाखान्यापाशी थांबायला सांगितलं, ती १५. शाळेच्या भाड्याला फाटक उघडेपर्यंत १०. सगळे मिळून अडीच तासांच्या वर गेले.

आकडा बघून मला धक्का बसला. हे अडीच तास रोज माझ्या हातात होते आणि मी ते मोबाईलवर बोट फिरवण्यात घालवत होतो. काय बघितलं म्हणून कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

मात्र ही वेळ सलग मिळत नाही. पंपावर दर तीन-चार मिनिटांनी रांग सरकते, की उतरून गाडी ढकलायची. स्टँडवर तर भाडं कधी येईल याचा नेम नाही. म्हणजे जे काही करायचं ते त्या क्षणी हातातून ठेवता आलं पाहिजे आणि परत उचललं की तिथूनच पुढे चालू झालं पाहिजे.

१५ जानेवारी

मोडीचं पुस्तक सीटखाली ठेवून पाहिलं. जमलं नाही. पुस्तक काढा, पान शोधा, काल कुठे होतो ते आठवा, तेवढ्यात पुढची रिक्षा सुटते. पाच मिनिटं मिळाली तर तीन नुसती तयारीत जातात.

संक्रांतीमुळे दुपारी भाडी कमी होती. स्टँडवर तिळगूळ वाटून झाल्यावर बसल्या बसल्या सुचलं, की तयारी आदल्या रात्री करायची. दहा मिनिटं पुरतील. सकाळी खिशात हात घातला की थेट काम हातात आलं पाहिजे.

२१ जानेवारी

रविवारचा मोडीचा वर्ग लावला आहे. दोन तास, तेवढाच आठवड्यातला सलग वेळ.

सर आधी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढतात आणि मगच लिहायला लागतात. मोडीत शिरोरेषा आधी. सगळी ओळ आखून घ्यायची आणि अक्षरं तिला खालून टांगत जायची. बोरू फारसा उचलायचा नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत गुंफत जातात. काना लागला की अक्षराचा चेहराच बदलतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. अनुस्वारही पुष्कळदा गाळलेला. ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटतो आणि उरलेला पुढच्या ओळीवर जातो.

लिहिणाऱ्याचा वेग वाढावा म्हणून ही सगळी सोय होती. सरकारी कामकाजातून मोडी मागे पडली ती १९१७ नंतर, मुंबई इलाख्याने बाळबोधीला, म्हणजे आजच्या देवनागरीला, पुढे आणल्यावर. तरी जुन्या माणसांच्या चोपड्या आणि खासगी पत्रं पुढेही मोडीतच चालली. युनिकोडमध्ये मोडी आली २०१४ साली, आता ती संगणकावर लिहिता येते. सर म्हणाले, लिहिता येणं ठीक आहे, पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत, ते वाचणारे डोळे हवेत.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांचे पत्ते कापले. पुढे मोडी अक्षर, मागे बाळबोध. पन्नास झाले. खाकी शर्टाच्या वरच्या खिशात बरोबर मावतात.

२ फेब्रुवारी

पत्ते चालतायत. पंपावर एका सरकण्यात आणि दुसऱ्या सरकण्यात पाच पत्ते होतात. ओळखलेला पत्ता मागे, चुकलेला पुढे. गाडी ढकलायची वेळ आली की गठ्ठा खिशात. काही हरवत नाही, कारण पुढचा पत्ता वरच असतो.

काचेवर धूळ असली की बोटाने लिहूनही बघतो. आधी आडवी रेघ, मग खाली अक्षरं. आज मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, हे काय लिहितोस? सांगितलं. त्याने स्वतःचं नाव लिहून मागितलं आणि फोटो काढून बायकोला पाठवला.

१४ फेब्रुवारी

आज एक चूक झाली. नोंद करून ठेवतो. स्टँडवर पहिला नंबर माझा होता आणि मी पत्त्यांत मान घालून बसलो होतो. एक मावशी दोन पिशव्या घेऊन उभ्या. त्यांना दोनदा हाक मारावी लागली. काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. थांबणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि गिऱ्हाईकाची वाट बघणं म्हणजे रस्त्याकडे बघणं.

तेव्हा नियम केले. पहिला नंबर लागला की पत्ते खिशात. सिग्नलला कधीही नाही, १२० सेकंदांचा असला तरी नाही. तिथे गाडी चालूच असते आणि मागे माणूस बसलेला असतो. शाळेच्या फाटकावर पोरं सुटायच्या आधी पाच मिनिटं बंद. यामुळे अडीच तासांचे पावणेदोन झाले. तेवढे पुरे आहेत.

१० मार्च

अक्षरं बसली. आता कालगणना. जुन्या कागदांवर इंग्रजी साल नसतं. शके असेल तर ७८ मिळवायचे. फसली, म्हणजे महसुलाचं साल, असेल तर ५९०. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तो अरबी शब्दांत लिहितात आणि एककापासून वर जातात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. मग दशक: अशर, अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभराला मया, हजाराला अलफ. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार. ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपतचं वर्ष.

यासाठी पत्ता बघावाच लागत नाही, तोंडाने म्हणता येतं. त्यामुळे हे काम स्टँडवर सगळ्यात चांगलं होतं, डोळे रस्त्यावर राहतात. गुरुवारी गाडी पासिंगला होती. सकाळी आठ ते दुपारी एक नुसतं उभं राहायचं होतं. पाच तासांत दहापासून नव्वदपर्यंत उलटसुलट पाठ झालं. शेजारच्या टेम्पोवाल्याला अर्बा आणि आर्बैन एवढे दोन शब्द लागले, जाताना तो ‘चार-चाळीस’ असा हात करून गेला.

९ एप्रिल, गुढीपाडवा

आजपासून खरे कागद. पहिला कागद मोबाईलवर काढून झेरॉक्सवाल्याकडे दुपटीने मोठा करून घेतला आणि एकेक ओळ कापून एकेका पत्त्यावर चिकटवली. बावीस ओळी, बावीस पत्ते. मूळ कागद परत रुमालात, रुमाल पेटीत. पंपावर तो न्यायचा नाही.

पहिल्या पत्त्यावर फक्त ‘श्री’. दुसऱ्यावर ‘शके १७९९ ईश्वरनाम संवछरे’. आकडा जरा पुसट आहे, ९९ की ९१ अशी शंका होती. ती आजच्याच दिवशी फिटावी याचा फार आनंद झाला. पाडव्याला पंचांग उघडलं होतं. आज शके १९४६ लागलं, क्रोधी संवत्सर. संवत्सरं साठ, चक्राने फिरतात. १९४६ मधून १७९९ वजा केले तर १४७. त्यातली साठाची दोन चक्रं काढली की २७. क्रोधी अडतिसावं, तिथून २७ मागे गेलं की अकरावं, आणि अकरावं नाव ईश्वर. आकडा ९९च. पुढे ‘सन १२८७ फसली’ आहे, त्यातही ५९० मिळवले की १८७७ येतात. तिन्ही बाजूंनी जुळलं.

१८७७. म्हणजे १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. अजून दुसरीच ओळ आहे, पण हात जरा थरथरला.

१६ एप्रिल

सात ओळी लागल्या. हा कर्जरोखा आहे. पैशाचा नाही, धान्याचा. ‘भात मण १५’ घेतलं आणि पुढच्या सुगीला सवाईने फेडायचं. सवाई म्हणजे घेतलं त्याच्या सव्वापट. सातव्या ओळीत फेडीचा आकडा ‘१८।।।’ असा आहे. उभी एक रेघ म्हणजे पाव, तीन रेघा म्हणजे पाऊण. पंधराचे सव्वापट पावणेएकोणीस. हिशेब बरोबर.

आमचं गाव वेळवंडीच्या काठी, भोर तालुक्यात. तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. तिकडे सह्याद्रीचा पाऊस, भाताचा मुलूख. त्या घरातल्या माणसाला पंधरा मण भात उसनं आणावं लागलं. या रोख्याच्या दोनच वर्षं आधी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडून असलेच रोखे काढून जाळले होते. शाळेत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून चार ओळींत वाचलं होतं. रोखा कसा दिसतो ते आता कळतंय.

२२ एप्रिल

नववी ओळ अडली. मजकूर गहाणाचा आहे. आठव्या ओळीच्या शेवटी दोन अक्षरं, ती मी ‘उब’ वाचतो. नववीच्या सुरुवातीला ‘राचीताल’. ताल म्हणजे बांध घातलेली खाचराची पट्टी, आमच्याकडे आजही म्हणतात. पण ‘राची’ म्हणजे काय? एखाद्या बाईचं नाव? आडनाव?

२५ एप्रिल

राची. अजून नाही.

२९ एप्रिल

अजून नाही. मात्र एक गोष्ट लक्षात आली. एका बैठकीला अर्धा तास डोळे फोडून जे होत नाही ते कधी कधी तिसऱ्या दिवशी पंपावर अर्ध्या मिनिटात होतं. पाचव्या ओळीतला ‘सुगीस’ असाच लागला होता, आधी तो मला ‘सुरास’ दिसत होता. मध्ये दोन दिवस गेले, दहा भाडी झाली, आणि पत्ता वर आला तेव्हा ग उघड दिसला. अडलेला शब्द गठ्ठ्यात पाचवा ठेवायचा. रोज दोनदा नजरेखालून गेला पाहिजे, जास्त नाही.

४ मे

अण्णांना डोळे तपासायला नेलं. मोतीबिंदू पिकलाय. बाहुली मोठी व्हायला डोळ्यांत थेंब घालतात आणि मिटून बसायला सांगतात. थोड्या वेळाने पुन्हा थेंब. पाऊण तास तरी जाणार होता. बाकड्यावर अण्णा डोळे मिटून, शेजारी मी. मी सवयीने पत्ते काढले.

थोड्या वेळाने म्हणाले, “काय पुटपुटतोस रे?”

“रुमालातला कागद वाचतोय अण्णा. ‘राची ताल’ असं काहीतरी आहे, लागत नाही.”

डोळे मिटलेलेच. जरा थांबले. “राची नव्हं. उंबराची ताल. धरणात गेली ती. माझा आजा म्हणायचा, उंबराच्या तालीतलं भात शिजलं की शेजारच्या घरात वास जायचा.”

आठव्या ओळीचा शेवट ‘उब’, नववीची सुरुवात ‘राची’. अनुस्वार लेखकाने दिलाच नव्हता. शब्द मूळ कागदावर दोन ओळींत तुटला होता आणि कात्रीने मी त्याचे दोन पत्ते केले होते. बारा दिवस मी अर्धाच शब्द वाचत होतो.

मी पत्ते खिशात टाकले. मग अण्णा बोलत राहिले. भाटघरचं धरण पुरं झालं १९२७-२८ च्या सुमाराला, अण्णांचा जन्म त्यानंतर बावीस वर्षांनी. त्यांनी ती ताल पाण्याबाहेर फक्त उन्हाळ्यात पाहिली. तिच्या वरच्या अंगाला चिंचेची ताल, खाली नदीकडे वाळकी. कुठल्या तालीला कुठलं भात, पाणी कुठून यायचं. यातलं एक अक्षर मी आधी ऐकलं नव्हतं. मी पन्नास वर्षांचा होईन पुढच्या वर्षी.

पुन्हा थेंब घालायला नर्स आल्या तेव्हा वाटलं, अजून थोडा वेळ लागला तरी चालेल.

आणखी एक नियम: अण्णांबरोबर थांबायचं असेल तेव्हा पत्ते घरी.

५ मे

दुरुस्ती. सगळे पत्ते नव्याने केले. प्रत्येक पत्त्यावर वरच्या ओळीची शेवटची चार-पाच अक्षरं आणि खालच्या ओळीची पहिली चार-पाच अक्षरं पेन्सिलीने उतरवली. तुकडा छोटाच ठेवायचा, पण त्याची दोन्ही टोकं शेजाऱ्याला जोडलेली हवीत. पहाटे एक वाजला. लगेच फायदा: तेराव्या ओळीतला ‘कार’ हा शब्द नव्हता, ‘सावकार’चा उरलेला तुकडा होता.

१३ मे

मतदान. केंद्रावर रांग सव्वा तासाची, मोबाईल नेता येत नाही. आजूबाजूला सगळे चुळबूळ करत होते, मी खिशातून तीन पत्ते काढले. सोळा, सतरा, अठरा. तिन्ही लागले. पुढच्या आजींनी विचारलं, त्यांना दाखवले. त्यांचे वडील चोपडी मोडीत लिहायचे म्हणाल्या. बोटाने हवेत एक आडवी रेघ ओढून दाखवली, आधी ती, मग अक्षरं. लहानपणी शेजारी बसून बघितलेलं अजून हातात होतं.

२६ मे

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. अण्णांना काळा चष्मा लावून गावी नेलं. स्वारगेटहून भोरची एसटी, पुढे जीप. जीप भरेपर्यंत चाळीस मिनिटं. पत्ते घरी होते. अण्णांनी भोरच्या बाजारातली जुनी दुकानं एकेक करून सांगितली.

भाटघरचं पाणी तळाला गेलंय. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ, वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं, ते बाहेर आलंय, लोक बघायला येतात. आमच्या बाजूला नुसता भेगाळलेला गाळ. अण्णा काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग हात केला. गाळातून दगडांची एक ओळ तिरकी गेलेली दिसली. तीच बांधाची रेघ. उंबर केव्हाच गेलेला. मी खाली उतरून त्या दगडांवरून चाललो, मोजलं तर साठ-सत्तर पावलं भरली. एवढ्या जमिनीवर पंधरा मण भात उसनं मिळालं होतं.

२ जून

शेवटच्या दोन ओळी. सकाळी पंपावर, माझ्या पुढे चौदा रिक्षा.

एकविसावी: ‘हा रोखा लिहून दिल्हा सही’. बाविसावीत लिहिणाऱ्याचं नाव, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत एक आकृती. ती मी आजवर शाईचा डाग समजत होतो. एक तिरकी जाड रेघ, खाली वाकडा फाळ, वर मूठ. शेजारी बारीक अक्षरांत ‘निशाणी नांगराची’.

वर्गात सरांनी सांगितलं होतं, की ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याचं हत्यार काढायचा आणि कुणब्याचा नांगर असायचा. ऐकताना ती माहिती होती. आज तो नांगर माझ्या खापरपणजोबांनी काढलेला होता. बाकीचा सगळा कागद सराईत हाताचा आहे, झरझर लिहिलेला. नांगर मात्र हळू काढलाय. रेघ दोन ठिकाणी थांबलीय, तिथे शाई पसरली आहे. आपण कशावर निशाणी करतोय हे त्यांना वाचता आलं नसणार. कुणीतरी वाचून दाखवलं असेल, तेवढ्यावर विश्वास ठेवला असेल.

मागून हॉर्न वाजला. पुढे तीन गाड्यांची जागा झाली होती. उतरून ढकलली.

संध्याकाळी अण्णांना बावीसही ओळी सलग वाचून दाखवल्या. मध्ये थांबवलं नाही त्यांनी. शेवटी नांगर बघायला मागितला, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने, कागद अगदी जवळ धरून बघितला.

रुमालात अजून दहा कागद आहेत. त्यात या रोख्याची फेड झाल्याची पावती असली पाहिजे, नाहीतर ताल धरणापर्यंत आमच्याकडे राहिली नसती. दुसरा कागद मोठा करून आणलाय, सतरा ओळी. आठ पत्ते आज रात्रीच जोडले, उद्या पंपावर पहिली ओळ.